सौंफ

जेलमधून सुटल्यापासून संघदीप दर रविवारी कृष्णपुऱ्यातल्या वाया जाऊ पाहणाऱ्या पोरापोरींना जमवायचा, पोहे खाऊ घालायचा आणि आतल्या गोष्टी सांगायचा. त्यांना जेलची भीती बसावी, एवढंच मनात होतं. पण मुलं हसली की त्याला जास्त बरं वाटायचं.

आज त्याने बॅरकमधल्या एका कैद्याची नक्कल केली. नाश्त्याला पोहे आले की तो माणूस थरथरत्या बोटांनी त्यातली सौंफ, शहरभर पोह्यांत घालतात ती बडीशेप, वेचायचा. शेवटचा दाणा निघाला की इकडेतिकडे बघायचा आणि एक घासही न खाता रडत बसायचा.

"आम्ही त्याला छेडायचो, 'कोणासाठी साफ करून राहिला बे? इथं कोण येणार आहे खायला?'"

मुलं हसून लोळायला लागली. आनंदी नावाची एक मुलगी मात्र प्लेट हातात धरून नुसती बसली होती. तिलाही हसवावं म्हणून संघदीप तिच्यासमोर गेला आणि बोटं थरथरवत तिच्याच पोह्यांतली सौंफ वेचू लागला.

"सगळी काढा भिया," ती हळूच म्हणाली. "मला सौंफ नाही आवडत. पप्पा घरी होते तेव्हा तेच काढून द्यायचे."

संघदीप खाली बसला आणि मान वर न करता एकेक दाणा काढत राहिला. मुलं हसतच होती. त्यांना वाटलं, नक्कल अजून चालू आहे.