टेक्सास आधी की ओहायो?

"लिहून ठेवा, आमचं टेक्सास आधी फिरणार!" आमचे हे फोनवर ओरडले. पलीकडे ओहायोतून माझ्या बहिणीचे यजमान. दोन्ही राज्यं रिपब्लिकनांची. त्यातलं कोणतं आधी डेमोक्रॅट्सकडे जाणार, यावरून या साडूंची आठ वर्षं दर रविवारी जुंपते.

"अहो, आमचं ओहायो पूर्वी अधूनमधून कूस बदलायचं. सवय आहे त्याला."

"आता गाढ झोपलंय ते!"

मी मेथी निवडत होते. ऐकून ऐकून कान किटले होते. मंगळवारी कामावर जाण्याआधी मला मतदानाच्या रांगेत उभं राहायचं होतं. त्या एका मतासाठी मी भारतीय पासपोर्ट परत केला. यांना तो सोडवेना. नागरिकत्वाचा अर्ज नऊ वर्षं खणात कोरा पडलाय. साडूंचीही तीच गत.

"अगं, तू सांग, आमच्यात कोण बरोबर?"

"ज्याला मत देता येतं, तो."

यांनी फोन ठेवला. जरा वेळाने यांनी खणातून अर्ज काढला, चष्मा लावून पहिल्या पानावर छापलेली मुदत वाचली.

"हा जुना झाला गं," हे म्हणाले. "आता नवा लागतो."