नुसतं बोट

शिडाचं जहाज चालवायला शिकायचं म्हणून दोघं सुट्टी काढून आले होते, पण नवरा तिथेही चारचौघांत बायकोची अक्कल काढत होता. तिच्या गाठी ढिल्या, तिचा दोर वेडावाकडा, तिचं सगळंच अर्धवट!

कप्तानाने समजावलं, "कुणी पाण्यात पडलं, तर एकाने त्याच्यावरची नजर काढायची नाही आणि बोट त्याच्याकडेच रोखून धरायचं. सुकाणूवरून मला लाटांत डोकं दिसत नाही. तुम्ही बोट दाखवाल तिकडे मी जहाज वळवणार."

"ते काम हिला द्या," नवरा खिदळला. "नुसतं बोटच दाखवायचंय, एवढं तरी जमेल बयेला!"

दुपारी वारा फिरला. लाइफ जॅकेट न घालता तोऱ्यात उभा असलेला नवरा पाय घसरून थेट पाण्यात गेला. बाकीचे शीड उतरवायला धावले आणि कप्तान सुकाणूवरून ओरडला, "ताई, बोट हलवू नका!"

डावीकडे लाटांत नवऱ्याचं डोकं वरखाली होत होतं. तिने त्याच्यावरची नजर जराही काढली नाही.

 

आणि उजवीकडे रोखलेलं बोटही हलवलं नाही.