जरासा उजेड

खट्. दिव्याचं बटण वाजलं आणि पाठोपाठ नैनचा हलका आवाज आला, "गोलाय."

मारेदच्या हातातला बटाटा अर्धाच सोललेला राहिला. "नैन! आपलं ठरलं होतं ना?"

ठरवलं होतं तिनेच. तिच्या लेकीला, मब्लीला, चौथं लागलं तरी पोर एक शब्द बोलत नव्हती. दोन भाषांच्या ओढाताणीत लेकरू मुकं राहतं, असं कुणीतरी म्हणालं आणि मारेदने धसकाच घेतला. तेव्हापासून मोठी माणसं आपसांत वेल्श बोलत, मब्लीशी मात्र निव्वळ इंग्रजी. सासूबाईंचं, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या नैनचं, आजीचं, इंग्रजी दुकानापुरतं. नातीशी बोलणंच खुंटलं होतं त्यांचं.

"एकच शब्द बोलते गं, दिवा लावताना," नैन म्हणाली. "तोही केवढासा! 'लेय' म्हणजे तेज. आपण चंद्राला 'लेयाद' म्हणतो ना, त्यातलंच. त्याच्या आधी 'गो' आला की जरासं. जरासं तेज, म्हणजे गोलाय. माझ्या बापाने पाटीच्या दगडाच्या खाणीत एका मेणबत्तीवर जन्म काढला. जरासा उजेडही पुरतो, बाई."

"तुमच्या बापाला बोलता तरी येत होतं!" मारेद फणकारली आणि पुन्हा बटाटा सोलू लागली.

बाहेर वारा उठला होता. बल्ब दोनदा फडफडला आणि गेला. सगळी गल्लीच अंधारली. नैनने चाचपडत मेणबत्ती शोधली, पेटवली, टेबलावर ठेवली. मब्ली खुर्चीवर चढली. ज्योतीकडे टक लावून बघत राहिली. मग गाल फुगवून तिने फुंकर मारली.

गुडुप अंधार.

"गोलाय कुठे गेला?"

बारीक, किंचित घोगरा आवाज. शब्द सगळे वेल्श. हा आवाज मारेदने जन्मात ऐकला नव्हता.

मग मारेदने अंधारात हात लांबवला आणि आधी नैनचा हात शोधला. सुरकुतलेला. तो तिने दोन्ही हातांनी गालाशी धरला. "नैन..." एवढंच म्हणाली. नैनची बोटं ओली झाली.

इतक्यात कुणीतरी तिची बाही ओढली.

"आई, सांग ना. कुठे गेला?"