प्रसिद्धीचा अधिकार

“पॅकेज प्रसिद्ध करण्याचा अधिकार एकट्या तुमच्याकडे असणं बरं नव्हे, ऊर्मिलाबाई. उद्या तुम्हाला काही झालं तर?” कारखानीस फोनवर आपुलकीने म्हणाले.

पावसाचे अंदाज बांधणारी मूळ मुक्तस्रोत लायब्ररी, म्हणजे कुणालाही वापरता येणारा तयार संगणक-कोडचा संच, त्यांची. ती पायथन या संगणकभाषेतून वापरता यावी म्हणून जोड-पॅकेज लिहून सात वर्षं जगाला फुकट पुरवत आली होती ऊर्मिला. तिला मुद्दा पटला. त्याच दिवशी तिने त्यांना पूर्ण अधिकार दिले.

सोमवारपर्यंत तिला काहीही झालं नव्हतं. तरी पॅकेजच्या नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या नव्या आवृत्तीवर कर्ता म्हणून कारखानिसांचं नाव होतं आणि तिचा अधिकार काढून घेतलेला होता. शिवाय पॅकेज कुणाकडेच चालत नव्हतं. मूळ लायब्ररीची फाइल आत घालायचीच राहिली होती. त्यांच्या संगणकावर ती आधीपासून असल्याने त्यांना उणीव जाणवली नव्हती.

तिने चारचौघांसारखी रीतसर तक्रार नोंदवली. तासाभरात त्यांचं जाहीर उत्तर आलं: “बाई, तक्रारीपूर्वी मार्गदर्शिका वाचण्याची तसदी घ्यावी.”

मार्गदर्शिका तिनेच लिहिली होती, आणि नेमकी हीच चूक कशी टाळावी ते पाचव्या कलमात होतं. ते दाखवून द्यायला ती लिहू लागली, तोवर ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून तक्रार बंद करण्यात आली होती.