कुणाकडे जायचं नव्हतं

“आणि दिवसभरात एकाही घरी चहा प्यावा लागला नाही!” नीलांबरीताई म्हणाल्या आणि त्यांच्या अमेरिकेतल्या, पार्सिपनीच्या घरात जमलेली सगळी मंडळी खो खो हसली.

नेत्रा सोडून. तिच्या पोटात दुखायला लागलं होतं, आणि त्याचा पॉटलकच्या छोल्यांशी काही संबंध नव्हता.

नीलांबरीताईंच्या यजमानांनी, नरेंद्रनी, कॅमेरा टीव्हीला जोडला होता. पडद्यावर इटलीतलं जिनोआ. जुनं बंदर, आणि त्याला लागून गल्ल्या, इतक्या अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतून बायकांनी एकमेकींना विरजण द्यावं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं चर्च. टेकडीवरच्या वस्तीत जायला चक्क सार्वजनिक लिफ्ट. आणि बंदराच्या कठड्यावर, तेलात माखलेला इटालियन पाव कागदात धरून, पाय सोडून बसलेल्या नीलांबरीताई.

“मॅपसुद्धा नव्हता,” त्या सांगत होत्या. “वाटेल तिकडे वळायचं. दमलं की बसायचं. इतका उशीर का केलात, म्हणून विचारणारं कुणी नाही.”

नेत्राला आपली मागची सुट्टी आठवली. नागपूरची. वर्षभर जपून साठवलेली रजा, बदाम आणि चॉकलेटांनी ठासलेल्या बॅगा आणि रोजचा दौरा. सकाळी मामाकडे पोहे, दुपारी आत्याकडे जेवण, संध्याकाळी केदारच्या मावशीकडे पुन्हा पोहे. एखादं घर राहिलं की लगेच टोमणा, “आमच्यासाठी नाही वाटतं वेळ मिळाला!” परत आल्यावर त्या सुट्टीचा शीण घालवायला तिला दुसरी सुट्टी हवी होती. आणि ही बाई पन्नाशी उलटल्यावर परदेशात कठड्यावर पाय हलवत बसते! नेत्राला तिच्या पायांतल्या पांढऱ्या बुटांचासुद्धा हेवा वाटला. सरळ सांगायचं तर ती जळत होती.

अमेरिकेतल्याच शॉमबर्गहून इकडे येऊन तिला आणि केदारला जेमतेम महिना झाला होता. नीलांबरीताई मूळच्या नागपूरच्या, एवढ्याच धाग्यावर आजचं बोलावणं आलं होतं. आलो नसतो तर बरं झालं असतं, असं तिला आता वाटायला लागलं.

ती केदारच्या कानाशी लागली. “डिसेंबरची तिकिटं अजून होल्डवरच आहेत ना? कॅन्सल कर. या वेळी इटली.”

“अगं, तुझी आई वाट बघतेय. तिला काय सांगशील?”

“सांगेन, रजा नाही मिळाली.”

केदारने तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. “बरं, उद्या एजंटला सांगतो,” म्हणून त्याने निमूटपणे गुलाबजाम तोंडात टाकला.

फोटो संपेनात. नेत्राला ते बघवेनात. रिकामी भांडी उचलण्याचं निमित्त करून ती स्वयंपाकघरात गेली. मागोमाग नीलांबरीताई आल्या आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

“नशीब काढलंत ताई तुम्ही,” नेत्रा म्हणाली. गोड बोलायचं ठरवलं होतं, पण आवाजाला धार आलीच. “आमची दर डिसेंबरची रजा म्हणजे नागपूर, नागपूर आणि नागपूर. आई आधीपासून सगळ्यांकडे जाण्याचे वार लावून ठेवते. आम्ही यायच्या दिवशी पहाटेपासून फाटकात उभी. नको म्हटलं तरी ऐकत नाही.”

“कुठे असते आई?”

“धरमपेठेत.”

“माझी तिथेच, महाल भागात होती.” नीलांबरीताईंनी साखरेचा डबा उघडला आणि तसाच हातात धरून ठेवला. “जानेवारीत गेली. मी एकुलती एक. घरही विकून टाकलं. पण सवय बघ, दरवर्षीसारखी यंदाही मी ऑफिसात रजा टाकली. मंजूर होऊन आली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की आता जायचं कुणाकडे?”

 नेत्राने हातातलं पातेलं हळूच ओट्यावर ठेवलं.

“मी नुसतीच रडत बसले असते, म्हणून नरेंद्र उचलून घेऊन गेला. त्या गावात हिंडले खरी दिवसभर. त्याचे पाय भरून आले, मला काही थांबवेना. सारखं वाटायचं, या गल्लीत नाही तर पुढच्या गल्लीत वरून कुणीतरी हाक मारेल. ‘अगं, अशी काय जातेस खालूनच? वर ये, चहा टाकलाय.’ मग लोकांना सांगताना त्याचा जोक करते झालं.”

बाहेर नरेंद्रनी लिफ्टचा किस्सा सुरू केला होता. नीलांबरीताईंनी चहा गाळला, डोळे पुसले आणि एक कप नेत्राच्या पुढे सरकवला. मग शाळकरी मुलीने परवानगी मागावी तशा चाचरत म्हणाल्या, “नेत्रा, डिसेंबरात मला चार दिवस तुझ्या माहेरी नेशील?”