फणसाच्या चिकातलं अध्यक्षपद

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण गावच्या वाचनालयाचं अध्यक्षपद मी धरून ठेवलेलं नाही; त्यानंच मला धरून ठेवलंय.

आज निवडणूक होती. माझ्याविरुद्ध उभी राहिलेली शाल्मली भर सभेत म्हणाली, "भाऊकाका, तुमच्यासारख्यांना इंग्रजीत इन्कम्बंट म्हणतात. म्हणजे पदावर बसलेला. चाळीस वर्षं बसलात, आता उठा की!"

"अगो, उठू कसा?" मी बसल्या बसल्या म्हणालो. "पहिल्याच सभेला या खुर्चीवर कुणी मेल्यानं कापलेला कच्चा फणस ठेवला होता. बसलो तो चिकात घट्ट! खोबरेल ओतलं, चार गडी ओढून दमले. शेवटी ठरलं, खुर्ची सुटेपर्यंत भाऊच अध्यक्ष. अजून सुटलेली नाही!"

सभा खदखदून हसली. दोन-चार हात माझ्या बाजूनं वर येऊ लागले. तेवढ्यात मागून आमच्या हिचा आवाज आला, "अहो, त्याच वर्षी आपलं लग्न झालं. सप्तपदी काय खुर्चीसकट चाललात?"

"तुला काय आठवतंय!" म्हणत मी तावातावानं तिच्याकडे निघालो.

"भाऊकाका," रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवत शाल्मली ओरडली, "सुटली हो, सुटली!"