ओसरीतलं मातकट चित्र

गोपीनाथने चित्र ओसरीत मांडून ठेवलं आणि घरात हसून हसून पुरेवाट झाली. ना देव, ना माणूस, ना झाड. नुसते चौकोन. राखी, मळकट पांढरे, कडेला एक तपकिरी. त्याचे वडील त्र्यंबकराव ठाण्याच्या कचेरीत कारकून. मुंबईच्या चित्रशाळेत पोराला पाठवून हेच शिकायचं होतं, तर आपल्याकडे कामाला येणाऱ्या शेवंतीने सारवलेलं अंगण काय वाईट होतं, असं ते आल्यागेल्याला ऐकवत होते.

शेवंती तेव्हा अंगणच सारवत होती. तिनेही हसून घेतलं. हल्ली तिला हसायला निमित्त लागत नसे. महिन्यापूर्वी, आखितीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तिचा नवरा राघो मुंबईला गिरणीत लागायला गेला होता. थोरल्या दिराने, पंढरीने, स्वतः त्याला आगगाडीत बसवून दिलं होतं. मिठागराच्या वाटणीवरून भावाभावांत धुसफूस होती, तीही त्या निमित्ताने मिटली. दर आठवड्याला पंढरी राघोचा निरोप आणी: खोली बघतोय, मिळाली की बोलावतो. त्या बोलावण्यात शेवंतीचा सगळा जीव अडकला होता. गाठोडं तिने केव्हाच बांधून ठेवलं होतं.

बादली उचलून ती चित्राजवळून चालली होती, ती थबकली.

"दादा, हे आमचं मिठागर हाय."

ओळखणारी ती पहिलीच. गोपीनाथ हरखला. टेकडीवर बसून जे दिसलं तेच काढलं, सणामुळे आगरात कुणी नव्हतं म्हणून चित्रातही माणूस नाही, असं तो भराभरा सांगू लागला.

शेवंती बघत राहिली. वैशाखात वाफे मिठाने पांढरे असतात. तळ घट्ट करायला चिखल घालून वाफा तुडवायचा तो पावसाळा सरल्यावर. ऐन मिठात तसं कुणी वेडाही करणार नाही. चित्रात मात्र बांधालगतचा, कडेचा तपकिरी वाफा ओला, नुकता तुडवलेला होता. तो वाफा पंढरीचा होता.

"ह्यो रंग चुकला असंल तुमचा."

"नाही गं. सकाळी तोही पांढराच होता. जेवून परत आलो तर असा. मग पुन्हा रंगवला."

"आखितीलाच?"

"हो, त्याच दिवशी."

आखितीलाच राघो गेला होता, आणि त्याला आगगाडीत बसताना पंढरीखेरीज कुणीच पाहिलं नव्हतं.

अंगणात पावलं वाजली. दारात पंढरी उभा होता, कधी नव्हे तो हसतमुख.

"शेवंते, राघोचा निरोप आयलाय. तुला बोलावलंय. गाठोडं घे, मीच पोचवतो."